मेख नसलेला कार्बोरेटर

शारजाच्या सनैयात आम्हाला खोली मिळाली ती एका जुन्या मोटारीमुळे. मोटार नीट चालायला लागेपर्यंत राहा, असं ह्यांच्या मालकांनी सांगितलं होतं. तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं. त्याचा अर्थ मला पुढं बऱ्याच दिवसांनी उमगला.

सनैया म्हणजे कारखाने, गॅरेजं आणि गोडाऊनं यांचा भाग. झाड नाही, बाई नाही, मूल नाही. दिवसभर ट्रकांचे हॉर्न आणि पत्रा कापल्याचा आवाज. अशा जागी राहायला मिळालं म्हणून कुणी देवापुढं साखर ठेवील का? मी ठेवली होती.

लग्न झाल्यावर काही महिन्यांतच हे इकडं आले. मी गावाकडं राहिले. हे सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. मुलगी झाली, मोठी झाली, तिचं लग्न लावून दिलं. सासूबाई गेल्या. घरात बोलायला भिंती उरल्या, तेव्हा ह्यांनीच ओळखीतून माझं इथं जमवलं. दुबईच्या बर दुबई भागात एक पुण्याचं कुटुंब होतं, नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी. त्यांच्याकडं स्वयंपाकाला आणि घरकामाला मी आले. त्या बाईंना मी ताई म्हणते. वयानं माझ्याहून लहान आहेत, पण म्हणते.

आले म्हणजे काय, एका देशात आलो एवढंच. हे हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात लेथवरचे टर्नर, राहायला कामगारांच्या कॅम्पात, एका खोलीत बंकवर बंक. मी ताईंच्या घरातल्या सामानाच्या खोलीत, सुटकेसी आणि इस्त्रीच्या टेबलामध्ये. रविवारी भेटायचो ते बस स्टँडवर. बाकावर बसून डबा खायचा आणि उठायचं. नवरा-बायकोनं किती वेळ बाकावर बसायचं? एकदा हे म्हणाले, "तू गावाकडं होतीस तेच बरं होतं, निदान पत्रात तरी बोलायचो." पत्रातही फारसं बोलायचो नाही.

मालक मुंबईचे, आपलेच मराठी. कारखाना पाइपांच्या जोडांचा, पण त्यांचा जीव जुन्या मोटारींवर. त्यांनी विलायतेतून एक फार जुनी मोटार विकत आणली. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळेचे दिवे, पुढं हँडल मारून सुरू करायची. ती त्यांनी सनैयातल्या त्यांच्या गोडाऊनमध्ये आणून ठेवली आणि कारखान्यातून ह्यांना तिच्या कामावर तिकडं पाठवलं. ह्यांचं शिक्षण कोल्हापुरातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झालेलं. लाकडाचा साचा करण्यापासून लेथपर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. तसा माणूस मालकांकडं दुसरा नव्हता.

"हे बघा मिस्त्री," मालक म्हणाले होते, "गोडाऊनला राखणीला कुणीतरी हवंच आहे. वरची खोली रिकामी आहे. मिसेसना आणा, नो प्रॉब्लेम. गाडी होईपर्यंत आरामात राहा."

ताईंना विचारायला मला आठवडा लागला. शेवटी पोळ्या करता करता, तव्याकडं बघत विचारलं. मला वाटलं, नाही म्हणतील. पण त्यांचा चेहरा खुलला. "अगं, बरंच झालं की! सकाळी ये, संध्याकाळी जा. ती खोली मोकळी होईल, ह्याला स्टडीला जागाच नाहीये." हा म्हणजे त्यांचा मुलगा. माझी पिशवी निघायच्या आधी त्याचं टेबल दारात आलेलं होतं.

अशी मी सनैयात राहायला गेले. लोखंडी जिना, वर एक खोली, खिडकीत खडखडणारा जुना एसी, कोपऱ्यात गॅसची एक शेगडी. सकाळी अंधारात निघून बसनं बर दुबईला जायचं आणि संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून परत यायचं. पाय दुखायचे. पण बसमधून उतरले की मी भराभर चालायची. कुणीतरी वाट बघतंय म्हणून चालायची सवय मला त्या वयात लागली.

आम्हाला एकमेकांची काहीच माहिती नव्हती. मी बिनसाखरेचा चहा पिते हे ह्यांना ठाऊक नव्हतं. हे जेवताना ताटाखाली कागद अंथरतात हे मला ठाऊक नव्हतं. कॅम्पात जमिनीवर जेवून लागलेली सवय. मी म्हटलं, "आता कशाला कागद? मी पुसते की." त्यावर ह्यांनी तो कागद घडी करून ठेवला. एसी किती ठेवायचा यावरून आम्ही रोज भांडायचो. ते भांडणसुद्धा मला गोड लागायचं. इतकी वर्षं भांडायला माणूसच नव्हतं.

मी एका रंगाच्या बादलीत कढीपत्ता लावला. आरसा लावायला खिळा ठोकला. खिळा ठोकताना हे म्हणाले, "परक्याच्या भिंतीला भोक पाडतीस?" मी म्हटलं, "तुमी दिवसभर भोकंच पाडताय की. एक माझं."

ते खरंच होतं. ह्यांचं सगळं काम भोकांचं होतं.

इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही आणि नुसती हवाही चालत नाही. दोन्ही बरोबर प्रमाणात मिसळून द्यावी लागतात. ते मिसळायचं भांडं म्हणजे कार्बोरेटर. ह्या मोटारीचा मूळचा कार्बोरेटर कधीच हरवलेला होता आणि कुणीतरी भलत्याच गाडीचा तिच्यावर बसवला होता. मालकांना जुन्याच घडणीचा, पितळेचा हवा होता. पण ती घडण थंड मुलखातली. इथल्या उन्हात पेट्रोल त्या भांड्यातच उकळायचं आणि गाडी चौकात मरून पडायची. तेव्हा दिसायला जुना, चालायला इथल्या हवेचा, असा नवा कार्बोरेटर ह्यांनी घडवायचा होता. मालकांनी मोबाइलवर जुनी चित्रं आणून दिली. त्यांच्यावरून हे साचा करायचे, ओळखीच्या माणसाकडून पितळ ओतून आणायचे आणि खाली लेथवर बसायचे.

पहिला केला तो हळू चालताना छान. वेग घेतला की मागं काळा धूर. जेवताना ह्यांनी मला समजावून सांगितलं. "इंजिनानं जोरात ओढ घेतली की हवा वाढतीया, पण पेट्रोल तिच्याहून जादा वाढतंय. भोक हावरं हाय." मग ते भोक डाख देऊन बुजवायचं आणि पहिल्यापेक्षा केसाएवढं बारीक परत पाडायचं. बारीक पाडलं की वेगात बरं, पण हळू चालताना इंजिन उपाशी.

दुसऱ्याला त्यांनी जास्तीच्या हवेसाठी स्प्रिंगचं झाकण बसवलं. ते फडफडायचं आणि चालवणाऱ्याला एक हात कायम दांडीवर ठेवावा लागायचा. मालक म्हणाले, "मिस्त्री, मी स्टिअरिंग धरू का तुमची दांडी?"

तिसऱ्यात दोन भोकं आली. दुसऱ्या भोकाला पेट्रोल एका लहानशा उघड्या कुपीतून यायचं, आणि त्या कुपीत ते ठरावीक तेवढंच झिरपायचं. इंजिनानं कितीही ओढलं तरी ते जास्त देत नाही. "एक हावरं, एक कंजूष," हे म्हणाले, "दोघं मिळून संसार बराबर." भांडं त्यांनी धुराच्या तापणाऱ्या नळापासून लांब नेलं आणि मध्ये जाड पुठ्ठ्यासारखी फायबरची चकती घातली, म्हणजे उष्णता चढायची नाही. ऐन दुपारी सनैयाच्या मागच्या गल्लीत गाडी फिरवून बघायचे. पठाण ट्रकवाले टायरांच्या ढिगावर बसून टाळ्या वाजवायचे, चल चल म्हणून ओरडायचे. "यल्ला बाबा, यल्ला!" सुट्टीच्या दिवशी मी खिडकीतून बघायची. हे टोपी घालून, ताठ बसून जायचे. गावाकडं सुट्टीवर आलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. तो मी पहिल्यांदाच बघत होते.

गाडी चालायला लागली. पण एक गोष्ट राहिली होती. ती सुरू फक्त ह्यांच्याच हातानं व्हायची.

हे आधी बोटानं भांड्यावरची पिन दाबून पेट्रोल वर आणायचे, मग हवेच्या तोंडावर तळहात ठेवायचे, पुरता नाही, थोडी फट सोडून. ती फट किती, हे त्यांच्या तळहातालाच ठाऊक. मग दुसऱ्या हातानं हँडल. लगेच सुरू. मालकांनी केलं तर इंजिन पेट्रोलनं गच्च भिजायचं. ड्रायव्हरनं केलं तर हँडल उलटं फिरायचं. ड्रायव्हर केरळचा, हिंदीत बोलायचा. एकदा मनगट चोळत मला म्हणाला, "भाभी, ये गाडी नहीं, आपकी सौतन है. किसी और का हाथ लगने नहीं देती." मी पदर तोंडाला लावून वर पळाले. पण मनात मला बरं वाटलं. गाडीला ह्यांची गरज होती. म्हणजे मालकांना होती. म्हणजे खोली होती.

माझे वडील विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आसपासच्या गावांतली सगळी इंजिनं त्यांच्या हातची. त्यांची एक रीत होती आणि तशी ती त्या काळच्या सगळ्या मिस्त्र्यांची होती. काम चोख करायचं, पण एक मेख ठेवायची. कुठला तरी नट असा आवळायचा, कुठली तरी चकती अशी बसवायची, की ती गोष्ट फक्त आपल्याला कळावी आणि माणूस परत आपल्याकडंच यावा. त्यात फसवणूक आहे असं कुणी मानायचं नाही. आई म्हणायची, वैद्य पुडीत काय हे सांगतो का? लहानपणी मी त्यांच्यासोबत विहिरींवर जायची, त्यांना पाना द्यायची, आणि हातात बळ आल्यावर इंजिनाला हँडलही मारायची. आंगठा कधी हँडलभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलट फिरलं की मोडतो. हे मी दहा वर्षांची होण्याआधी शिकले होते.

एका रविवारी हे एक पातळ पितळी पत्रा गोल कापत बसले होते. मी विचारलं, काय करताय. म्हणाले, हवेच्या तोंडावर झडप बसवतोय, तार लावून पुढं मूठ काढायची. मूठ ओढली की झडप बरोबर तेवढीच लागेल, तळहात नको, बोट नको. कुणीबी सुरू करील.

मी जवळ जाऊन खाली बसले.

"ते कशाला?" मी म्हटलं. "चालतीया की गाडी."

"चालतीया, पण माझ्या हातानं. ह्याला काय काम म्हणत्यात?"

"तुमच्याच हातानं चालू द्या की. तेवढी मेख ठिवा. तुमी घातली न्हाई, आपसूक ऱ्हायलीया. नुसती काढू नका."

ते हसले. "मेख? बापाचं शिकवलेलं बोलतीस व्हय?"

"व्हय, बापाचं."

"तुझ्या बापानं जन्मभर मेखा ठिवल्या. बंगला बांधला का त्यानं?"

"बंगला न्हाई बांधला," मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढलेला मी स्वतः कधी ऐकला नव्हता. "पण रोज सांजच्याला घरला यायचा."

ह्यांनी कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलतील. पण त्यांनी पत्रा कपड्यात गुंडाळला आणि लेथच्या खणात टाकला. त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा भाकरी मागून घेतली आणि एसी माझ्या मनासारखा ठेवला. मी समजले की झालं. माझं ऐकलं.

त्यानंतरचे दिवस हे माझ्या सगळ्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस. ते मी उगाच सांगत नाही. मी ताईंकडून जुना मिक्सर मागून आणला. मीना बाजारातून पडद्याचं कापड आणलं, सोळा दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ चारशे रुपये, आणि हातानं शिवलं. पडदा लावला की माणूस जायचं नाव काढत नाही, असं मला वाटायचं. मालक यायचे, गाडीभोवती फिरायचे, "मिस्त्री, स्टार्टिंगचं काय ते बघा बुवा," म्हणायचे. हे म्हणायचे, "बघतो साहेब." मी वर पडद्याआडून ऐकायची आणि मला हसू यायचं.

पण हे बदलत चालले होते. जेवताना बोलेनात. गाडी रोज सुरू करायचे, फिरवायचे नाहीत, नुसती सुरू करून तळहाताकडं बघत उभे राहायचे. एकदा मी चहा घेऊन खाली गेले तर म्हणाले, "कुणी विचारलं हे कुणाचं काम, तर सांगायला लाज वाटंल." मी म्हटलं, "कोण विचारतंय?" ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मीच विचारतोय की रोज."

माझ्याकडं एकच उत्तर होतं, ते मी दिलेलं होतं.

मग तो रविवार आला. सकाळपासून खाली माणसांचे आवाज होते. मालक आले होते, ड्रायव्हर होता, मालकांचे दोन मित्र होते. थंडी सुरू झाली होती आणि अबुधाबीत जुन्या मोटारींचा मेळा भरणार होता. मी वर कणीक मळत होते. ह्यांनी हाक मारली.

"अगं, खाली ये जरा."

मी हात पुसत जिन्यावर आले. मला वाटलं, चहा सांगतील.

"ये, ये. हितं ये, गाडीपाशी."

मी मान खाली घालून गेले. सगळे पुरुष माझ्याकडं बघत होते. ह्यांनी गाडीकडं बोट दाखवलं. पुढच्या फळीवर एक छोटी पितळी मूठ होती, घासून लखलखीत केलेली. ती आदल्या रविवारी तिथं नव्हती. मी कामावर असताना त्यांनी ती बसवली होती, रोज थोडी थोडी, माझी बस यायच्या आत.

"साहेब," हे म्हणाले, "माझ्या बायकूला गाडीतलं अक्षर कळत न्हाई. जन्मात तिनं हँडल धरलेलं न्हाई. आता तीच सुरू करून दावंल. तिला जमलं म्हंजे कुणालाबी जमंल."

मालकांचे मित्र हसले. एक म्हणाला, "मिस्त्री, हात मोडेल त्यांचा!"

"न्हाई मोडत. मूठ ओढायची, हँडल एकदा वर. एवढंच."

जन्मात हँडल धरलेलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. विहिरींवरच्या गोष्टी मी त्यांना कधी सांगितल्याच नव्हत्या. सांगायला एवढे दिवस सलग कधी मिळाले होते? चारचौघांसमोर ते छातीला हात लावून माझ्याबद्दल जे सांगत होते ते खोटं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं ती माझ्याबद्दलची सगळ्यात खात्रीची गोष्ट होती.

मूठ अर्धीच ओढली असती तर? हँडल अर्ध्यावर सोडून, "नाही जमत बाई मला," म्हटलं असतं तर? तेवढं करायला शिक्षण लागत नाही. सगळे हसले असते, हे कानकोंडे झाले असते, मालक म्हणाले असते, अजून बघा मिस्त्री. अजून बघा म्हणजे अजून राहा. हे सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट उभं होतं. मूठ हातात धरून मी उभी होते आणि ती गार लागत होती.

मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. कान इंजिनाकडं लावून, डोळे मिटून उभे होते. बाळंतिणीच्या दाराबाहेर उभं राहावं तसे. आमच्या मुलीच्या वेळी ते इथं होते, तेव्हा तसं उभं राहणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

मी मूठ पुरती ओढली. पुढं जाऊन वाकले, आंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हँडल वर खेचलं.

एका खेपेत सुरू झालं. धडधड नाही, खोकला नाही. पाण्याला उकळी फुटावी तसा एकसारखा आवाज. मालक ओरडले, "अरे वा! वहिनी, वा!" मित्रांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर पुढं आला, त्यानं इंजिन बंद करून स्वतः सुरू केलं, पहिल्याच खेपेत, आणि मालकांनीही केलं. "बच्चा भी चला लेगा," ड्रायव्हर म्हणाला.

हे डोळे उघडून मला म्हणाले, "बघितलंस?" त्यांचे डोळे ओले होते.

मालकांनी ह्यांच्या खांद्यावर हात टाकला. "मिस्त्री, खलास! जॉब डन. आता मीच चालवत नेतो अबुधाबीला." मग गाडीत बसता बसता, सहज आठवल्यासारखं म्हणाले, "आणि हो, गोडाऊन भाड्यानं द्यायचं बोलणं झालंय. महिनाअखेरपर्यंत वरचं तेवढं रिकामं करून ठेवा. तुमचा कॅम्पमधला बेड ठेवलेलाच आहे."

"व्हय साहेब," हे म्हणाले.

मी वर गेले. कणीक वाळून गेली होती. पाणी लावून परत मळली.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे एकदाच म्हणाले, "मालक काय कायम ठिवणार होतं का आपल्याला?" ते खरं असेल. कायम कुणी ठेवत नाही. पण कायम मागितलंच कुणी होतं? आणखी एक उन्हाळा मिळाला असता. मी एका उन्हाळ्यासाठीच भांडले होते.

पडदा काढला तेव्हा शिवण उसवावी लागली, तार आत ओवलेली होती. कढीपत्ता कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दिला. ह्यांनी भिंतीतला खिळा उपटून त्या भोकात साबण भरला आणि वरून बोट फिरवून सपाट केलं. भिंतीकडं बघून आम्ही तिथं होतो असं कुणाला वाटणार नाही. असली कामं त्यांची फार सफाईदार.

ताईंच्या घरी सामानाच्या खोलीत आता मुलाचं टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर होता. ताईंना अवघडल्यासारखं झालं. "अगं, आता मी तुला झोपायला कुठे देऊ?" मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "मॉम, शी कॅन स्लीप इन द हॉल, नो? जस्ट आफ्टर वी फिनिश टीव्ही." मला इंग्रजी येत नाही, पण एवढं कळतं. तेव्हापासून मी हॉलमध्ये झोपते. सोफ्यामागं माझी गादी गुंडाळून ठेवलेली असते. पाहुणे येणार असले की ती बाथरूमच्या दारामागं न्यायची.

मेळ्यात मालकांची गाडी एकदाही बंद पडली नाही. ह्यांनी मला रविवारी मोबाइलवर चित्रफीत दाखवली. मालक टोपी घालून बसलेले, कडेनं माणसं फोटो काढतायत. ह्यांनी ती मला तीनदा दाखवली आणि तिन्ही वेळा माझ्याकडं न बघता आवाज ऐकला.

मग एक गोष्ट झाली, ती मला कळायला वेळ लागला. गाडी त्रास देईना तसा मालकांचा तिच्यातला जीव उडाला. आधी रोज संध्याकाळी कारखान्यातून सनैयात यायचे, वाकून बघायचे, काळे हात घेऊन हसायचे. आता बघायला काही उरलं नव्हतं. वर्ष उलटायच्या आत त्यांनी ती अबुधाबीतल्या एका शौकिनाला विकली.

परवा ह्यांचा फोन आला. फार दिवसांनी असा हसरा आवाज.

"अगं, गाडीच्या जाहिरातीत काय लिवलं होतं ठावं हाय? ड्रायव्हरनं वाचून दावलं. कार्बोरेटर ओरिजिनल! विलायतेचा जाणता माणूस येऊन बघून गेला म्हणं. त्यालाबी कळलं न्हाई."

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"नाव कशाला? नाव आलं असतं तर नवा हाय हे कळलं नसतं का?" आणि ते मोठ्यानं हसले. त्यांना ह्याहून मोठी शाबासकी नको होती. मला त्यांचा राग यावा की कीव, ते कळेना, आणि दोन्ही आलं.

मी म्हटलं, "मी गावाकडं जाते. ताईंना सांगितलंय. व्हिसा संपला की परत न्हाई करायचा."

पलीकडून कॅम्पातल्या माणसांचा कालवा ऐकू येत राहिला. कुणीतरी भांडी आदळत होतं.

"एकटी काय करशील तिथं?"

इथं मी कुणाबरोबर आहे, असं विचारायचं होतं. पण म्हटलं, "माझी माझी चूल तरी असंल. गादी उचलून ठिवाया नको."

ते मग आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "मालक दुसरी गाडी बघत्यात. हिच्याहून जुनी. तिचाबी कार्बोरेटर न्हाई. ह्या खेपेला दुसरीकडं जागा घेणार म्हणं, वर खोली असंल. थांबतीस का?"

क्षणभर मला ती खोली दिसलीसुद्धा. खिडकी कुठल्या बाजूला असेल, ऊन कुठून येईल.

"ती बी तुमी लई झ्याक करशिला," मी म्हटलं.

"व्हय की," ते म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटलं.

ताईंनी माझं तिकीट काढलं आहे.